सत्कार्याची उधारी

दुष्ट माणसाने केलेला अन्याय ओळखण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. लोभी मालकाने बुडवलेली मजुरी किंवा कंत्राटदाराने कापून घेतलेला पगार यांविषयी आपले मन तत्काळ निर्णय देते. परंतु ज्याच्या ठायी लोभ नाही, जो स्वतः झिजून एखादे मोलाचे कार्य उभे करीत आहे, अशा माणसाकडून कोणाचे देणे राहून गेले तर काय म्हणावे? येथे आपली न्यायबुद्धी अडखळते. ‘काम चांगले आहे ना, मग थोडे सोसायला काय हरकत आहे?’ असे आपण ज्याचे येणे आहे त्यालाच समजावू लागतो.

चांगल्या कार्याला दुसऱ्याचे देणे थकवण्याची मुभा असते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा प्रश्नांचा विचार हवेत केला की उत्तरे फार सोपी वाटतात. म्हणून एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणाच्या आधारे तो करावा, हे बरे. प्रकरण इंग्लंडमधील एका लहानशा ध्वनिमुद्रण कंपनीचे आहे आणि ज्या संगीतावरून ते उद्भवले, ते उपासनेचे संगीत आहे.

१९८० साली टेड पेरी या गृहस्थांनी लंडनमध्ये ‘हायपेरियन’ ही कंपनी स्थापन केली. ग्रीक पुराणकथांत हायपेरियन हा सूर्याचा पिता मानला जातो. नाव असे भव्य. भांडवल मात्र तुटपुंजे. पेरी यांनी ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात अनेक वर्षे नोकरी करून अनुभव मिळवला होता. स्वतःची कंपनी काढल्यावर तिचा खर्च भागावा म्हणून ते भाड्याची मोटार चालवीत असत. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या क्षेत्रात त्या काळी बड्या कंपन्यांचे राज्य होते. नामांकित संगीतकारांच्या त्याच त्या रचना नामांकित वाद्यवृंदांकडून पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित होत, कारण त्या हमखास खपत. पेरी यांनी दुसरी वाट धरली. दुर्लक्षित राहिलेले, परंतु गुणाने कमी नसलेले संगीत लोकांपुढे आणायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या कंपनीची पहिलीच ध्वनिमुद्रिका स्टॅनफर्ड आणि फिन्झी या संगीतकारांच्या क्लॅरिनेट-रचनांची होती. बाजाराकडे डोळा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने असा आरंभ केला नसता.

पुढे १९८१ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांची स्तोत्रे ध्वनिमुद्रित करवून घेतली. हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) या जर्मनीतील बेनेडिक्टाइन मठाध्यक्षा होत. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेच्या महापंडितांच्या मालिकेत स्थान दिले. परंतु १९८१ मध्ये अभ्यासकांचे वर्तुळ सोडले, तर त्यांची गीते कोणाला ठाऊक नव्हती. क्रिस्टोफर पेज या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली ‘गॉथिक व्हॉइसेस’ या छोट्या गायकवृंदाने ती गायिली आणि ती ध्वनिमुद्रिका कोणाच्या ध्यानीमनी नसताना अफाट खपली. त्या पैशाने कंपनीस स्थैर्य आले. पेरी यांनी तो पैसा पुन्हा तशाच कामात घातला. पियानोवादक ग्रॅहम जॉन्सन यांच्या सहकार्याने शूबर्टची झाडून सारी गीते ध्वनिमुद्रित करण्याचे काम १९८७ मध्ये सुरू झाले आणि ३७ सीडींनंतर ते पूर्णत्वास गेले. फ्रान्झ लिस्ट याने केवळ पियानोसाठी लिहिलेले समग्र संगीत लेस्ली हॉवर्ड यांनी याच कंपनीसाठी वाजवले. त्या मालिकेने नव्वदहून अधिक सीडी व्यापल्या. अशा कामांत नफ्याची आशा धरून कोणी पडत नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पुढील हकिगत वाचताना पेरी यांच्याविषयी कोणाच्या मनात किंतू राहू नये. त्यांचे कार्य खरोखर सत्कार्य होते. प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मिशेल-रिशार द लालांद (१६५७ ते १७२६) हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातील संगीतकार. व्हर्सायच्या राजप्रासादातील चॅपेलमध्ये उपासनेच्या वेळी गाइली जाणारी भव्य लॅटिन स्तोत्रे त्याने रचली. गायकवृंद, एकल गायक आणि वाद्ये यांच्यासाठी रचलेल्या या प्रकारच्या त्याच्या रचना सत्तरहून अधिक आहेत. त्याच्या निधनानंतरही त्या फ्रान्समध्ये दीर्घकाळ गाइल्या जात होत्या. मग हळूहळू विस्मृतीत गेल्या. लालांदच्या संगीतावर आज कोणाचाही स्वामित्व हक्क नाही. त्याला जाऊन तीनशे वर्षे होत आली आहेत आणि त्याचे स्वर साऱ्या जगाचे झाले आहेत.

तथापि स्वर जगाचे झाले म्हणून ते आपोआप ऐकू येत नाहीत. जुन्या हस्तलिखितांची अवस्था सर्वांस ठाऊक असते. त्या काळची स्वरलिपी आजच्या वादकाला सरळ वाचता येत नाही. नकलनविसांच्या चुका असतात. एका प्रतीत एक स्वर, तर दुसरीत दुसराच. मंद्र स्वरांच्या ओळीवर आकडे घालून वरची साथ कशी करायची, हे सुचवण्याची त्या काळी पद्धत होती. ते आकडे कोठे असतात, कोठे नसतात. वाद्यवृंदातील मधल्या पट्टीचे वाद्य जे व्हायोला, त्याच्या ओळी काही ठिकाणी हरवलेल्या असतात आणि आजूबाजूचे स्वर पाहून त्या नव्याने भराव्या लागतात. हे सारे करून गायक-वादकांपुढे ठेवता येईल अशी स्वच्छ प्रत सिद्ध करणे, हे संगीतसंपादकाचे काम. लालांदच्या बाबतीत हे काम लायोनेल सॉकिन्स या विद्वानाने आयुष्याचा मोठा भाग वेचून केले. लालांदच्या समग्र रचनांची त्यांनी तयार केलेली सूची २००५ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाली.

२००१ साली हायपेरियनने लालांदच्या काही रचनांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांत आपल्या परिचयाचे ‘ते देउम’ हे उपकारस्तुतीचे स्तोत्रही होते. जेफ्री स्किडमोर यांच्या नेतृत्वाखालील ‘एक्स कॅथेड्रा’ हा वृंद ज्या प्रतींवरून गायला, त्यांतील चार रचनांच्या प्रती सॉकिन्स यांनी सिद्ध केलेल्या होत्या. सॉकिन्स यांचे म्हणणे असे की, या प्रतींवर माझा स्वामित्व हक्क आहे. सबब मला रॉयल्टी मिळावी आणि संपादक म्हणून माझ्या नावाचा रीतसर निर्देश व्हावा. प्रतींचे भाडे देण्यास कंपनीची हरकत नव्हती. रॉयल्टी मात्र तिने नाकारली. संगीत लालांदचे आहे, सॉकिन्स यांचे नाही, ही तिची भूमिका. सीडीसोबतच्या पुस्तिकेत, वादनाचे साहित्य तयार केल्याबद्दल सॉकिन्स यांचे आभार मानण्यात आले; संपादित कृतीचे कर्ते म्हणून त्यांचा उल्लेख झाला नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २००४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने चारपैकी तीन प्रतींबाबत सॉकिन्स यांचा हक्क मान्य केला आणि नावाच्या निर्देशाबाबतही त्यांच्याच बाजूने कौल दिला. १९ मे २००५ रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. टेड पेरी तो निकाल ऐकण्यास उरले नव्हते. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते आणि कंपनीची धुरा त्यांचे पुत्र सायमन यांच्याकडे आली होती.

आता कंपनीच्या बाजूने जे बोलता येईल, ते पूर्ण बोलू या. तिचा पहिला युक्तिवाद तत्त्वचिंतकांना विचार करायला लावील असा आहे. संपादकाचे ध्येय काय, तर लालांदला जे अभिप्रेत होते, ते जसेच्या तसे समोर आणणे. ते ध्येय त्याने साधले असेल, तर कागदावर जे आहे ते लालांदचे. संपादकाचे त्यात काही नाही. आणि त्याने स्वतःचे काही घातले असेल, तर तो लालांदशी एकनिष्ठ राहिला नाही. अर्थात काम उत्तम झाले तर हक्क नाही, आणि हक्क सांगितला तर काम उत्तम नाही. पेच असा की, जो सेवक जितका एकनिष्ठ, तितका तो रिकाम्या हाताने परत जायचा!

न्यायालयाने या पेचाचे उत्तर कायद्याच्या भाषेत दिले. संगीताची कृती म्हणजे नुसते स्वर नव्हेत. ते कसे गावे-वाजवावे, याच्या खुणांसह ती घडते, आणि त्या सिद्ध करण्यात कसब, श्रम व काळ खर्ची पडला असेल, तर कायदा त्यास मूळचे काम मानतो. तसेच, सॉकिन्स यांचा हक्क मान्य केल्याने लालांदला कुलूप लागत नाही. ज्याला हवे त्याने फ्रान्समधील ग्रंथालयांत जावे, मूळ हस्तलिखिते उघडावी आणि स्वतःची प्रत सिद्ध करावी. त्याला कोणी अडवणार नाही. मात्र तसे न करता सॉकिन्स यांचे श्रम वापरायचे असतील, तर ते सॉकिन्स यांचे आहेत, हे मान्य करावे लागेल.

आपल्या साध्या भाषेत सांगायचे, तर बुजलेल्या विहिरीचा दृष्टान्त घ्यावा. विहीर गावाची, पाणी देवाचे. ते कोणी निर्माण केले नाही आणि कोणी त्याची मालकी सांगू नये. पण वर्षानुवर्षे गाळाने भरलेली ती विहीर ज्याने आत उतरून उपसली, तो जेव्हा वर येतो, तेव्हा ‘पाणी तर देवाचे, तुझे काय त्यात?’ असे त्याला कोणी विचारीत नाही. पाणी निर्मळ आले, त्यात त्याच्या हाताचा वास नाही, हीच त्याच्या कामाची पावती. जे श्रम स्वतःला पुसून टाकण्यातच यशस्वी होतात, ते श्रम नव्हतेच असे म्हणणे ही फार मोठी दिशाभूल आहे. भाषांतरकार, नकलनवीस, दुभाषे, मूर्तीला पुन्हा रंग देणारे कारागीर, या साऱ्यांचे जीवन अशा अदृश्य श्रमांत जाते.

कोणी म्हणेल, विहीर उपसणाऱ्यास एकदाच मजुरी मिळते, प्रत्येक घागरीमागे पैसा मिळत नाही. हा आक्षेप योग्य आहे. मोबदला एकरकमी असावा की विक्रीच्या प्रमाणात, हे ठरवणे कायद्याचे आणि उभयपक्षी कराराचे काम. नीतीचा आग्रह एवढाच, की ज्याचे श्रम घ्यायचे, त्याच्याशी ते घेण्यापूर्वी तड लागलेली असावी. येथे ती लागलेली नव्हती, आणि तरीही ध्वनिमुद्रण झाले.

कंपनीचा दुसरा युक्तिवाद कायद्याचा नव्हता; परंतु तिच्या चाहत्यांच्या मनात तोच अधिक प्रभावी होता. ही एवढीशी कंपनी. अशा दुर्मीळ संगीताच्या सीडी खपतात त्या हजारांत, लाखांत नव्हे. प्रत्येक संपादकाला रॉयल्टी देत बसले, तर पुढच्या सीडीला पैसा उरणार नाही. तोटा कोणाचा? लालांदसारख्याच विसरलेल्या एखाद्या संगीतकाराचा. मग ज्या विद्वानाला हे संगीत जगावे असे मनापासून वाटते, त्याने चार पैशांसाठी अडून का बसावे?

हा युक्तिवाद ऐकताना आपले मन विरघळते. म्हणूनच येथे सावध व्हावयास हवे. टेड पेरी मोटार चालवीत आणि त्या कमाईतून संगीत उभे करीत. तो त्याग होता, कारण जे दिले ते त्यांचे स्वतःचे होते: त्यांचा वेळ, त्यांची झोप, त्यांचा पैसा. परंतु दुसऱ्याचे श्रम त्याच कार्याच्या वेदीवर ठेवायचे झाले, तर ते ठेवण्याचा अधिकार त्या दुसऱ्यालाच आहे. त्याग हे क्रियापद प्रथम पुरुषी चालते. ‘मी त्यागतो’ असे म्हणता येते. ‘तू त्याग’ असे म्हटले की तो कर होतो.

शुभवर्तमानात याचा अत्यंत कठोर दाखला आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूशांना त्यांच्या एका चालीबद्दल दोष देतो. जे द्रव्य आईबापांच्या पोषणासाठी द्यायचे, ते देवाला ‘कुर्बान’, म्हणजे अर्पण केले आहे, असे जाहीर केले की आईबापांचे देणे उरत नाही, अशी ती चाल. देवकार्याहून मोठे सत्कार्य कोणते? तरीही प्रभूने त्याचा हा उपयोग धिक्कारला. त्याने मंदिराला दान देण्याची निंदा केली नाही. ज्यावर दुसऱ्याचा हक्क आहे, ते दान म्हणून मिरवण्याची निंदा केली. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याचा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडकही याच जातीचा आहे. मालकाचा हेतू काय होता, याची चौकशी तो दंडक करीत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी दया आणि न्याय यांचा संबंध उलगडताना एक सुबोध उदाहरण दिले आहे. ज्याला शंभर नाणी द्यायची, त्याला एखाद्याने आपल्याजवळची दोनशे दिली, तर न्यायाचा भंग होत नाही. न्याय पूर्ण होऊन औदार्याची भर पडते. या उदाहरणातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी शंभर, मग वरचे शंभर. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनीही शेवटच्या मजुराला पूर्ण रोज देतो, तेव्हा पहिल्याच्या ठरलेल्या रोजातून एक कवडी काढून घेत नाही. आपले औदार्य तो आपल्याच थैलीतून करतो. न्यायाच्या जागी औदार्य ठेवता येत नाही. ते न्यायाच्या वर ठेवावे लागते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मधील ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात हेच सूत्र कारखान्यातील कामगारांना लावले. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने कामगाराने अपुरे वेतन पत्करले, तर त्याच्या होकाराने ते वेतन न्याय्य ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथवर सर्व सरळ वाटते. पण हकिगतीचा उत्तरार्ध अधिक अवघड आहे. सॉकिन्स जिंकले; त्या विजयाची किंमत काय झाली? वादाची मूळ रक्कम किरकोळ होती. दोन न्यायालयांतील खर्च मात्र लाखो पौंडांत गेला आणि हरलेल्या कंपनीवर त्याचा बोजा पडला. तिने रसिकांना मदतीचे आवाहन केले, आणि नव्या ध्वनिमुद्रणांना कात्री लावली. जी ध्वनिमुद्रणे झालीच नाहीत, त्यांत कोणते संगीत होते, हे श्रोत्यांना कधी कळणार नाही. ‘न्यायाची पराकाष्ठा म्हणजे अन्यायाची पराकाष्ठा’ या आशयाची म्हण सिसेरोच्या काळीही जुनी होती. मग सॉकिन्स यांनी आपला हक्क सोडून द्यायला हवा होता काय?

संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र येथे वाट दाखवते. त्याच्या नवव्या अध्यायात पौल सुवार्तिकाच्या निर्वाहाचा हक्क केवढ्या तळमळीने मांडतो! सैनिक, द्राक्षमळा लावणारा, मेंढपाळ, इतकेच काय, मळणीचा बैल, असे दाखल्यामागून दाखले तो देतो. आणि हक्क निर्विवाद सिद्ध झाल्यावर सांगतो की, मी मात्र तो वापरला नाही. हा क्रम उलटा करून पाहा. पौलाने आधी हक्क नाकारला असता, तर पुढे सोडण्यासारखे त्याच्याजवळ काही उरले नसते. आणि करिंथकरांनीच त्याला ‘तुझा हक्क सोड’ असे बजावले असते, तर तो प्रसंग त्यांच्या लाजेचा ठरला असता. हक्क सोडणे ही हक्कदाराची कृपा आहे. ऋणकोने ती मागायची नसते, आणि गृहीत तर मुळीच धरायची नसते.

असा हक्कत्याग संगीताच्या इतिहासात प्रत्यक्ष घडला आहे, आणि तोही ख्रिस्तसभेच्या घरात. ग्रेगरियन गायनाची पुस्तके छापण्याचा विशेष अधिकार १८७१ पासून तीस वर्षे जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या पुस्टेट या प्रकाशन संस्थेकडे होता. त्याच काळात फ्रान्समधील सोलेमच्या मठात बेनेडिक्टाइन संन्यासी प्राचीन हस्तलिखिते ताडून मूळ चाली शोधीत बसले होते. पोप पायस दहावे यांनी १९०४ मध्ये ख्रिस्तसभेची अधिकृत आवृत्ती काढण्याचे ठरवले, तेव्हा मठाध्यक्ष देलात यांनी आपल्या संन्याशांच्या त्या दीर्घ संशोधनाचे फळ पोपमहोदयांच्या हाती ठेवले. त्या चाली कोणाही प्रकाशकाला परवानगी घेऊन छापता याव्यात, हा हेतू. सोलेमच्या आवृत्त्यांमधील लयीच्या खुणा मात्र मठाच्या मालकीच्या राहिल्या. म्हणजे काय दिले आणि काय राखले, याची रेघ देणाऱ्यांनीच आखली, आणि घेणाऱ्यांनी ते दान म्हणून घेतले. सॉकिन्स यांच्याकडून अशा दानाची अपेक्षा करणारे बरेच होते; परंतु त्यांच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हेच समोरचा पक्ष मान्य करीत नव्हता. जे तुझे नाहीच, ते उदारपणे दे, असे कोणाला कसे सांगावे?

म्हणून न झालेल्या ध्वनिमुद्रणांचा दोष केवळ हक्क मागणाऱ्याच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. वेळेवर न दिलेले देणे वाढत जाते आणि त्याचे व्याज पुष्कळदा निरपराध माणसे भरतात. वैरी वाटेत आहे तोवरच त्याच्याशी समेट करण्याचा प्रभूचा उपदेश व्यवहारातही किती खरा आहे, हे या खटल्याच्या खर्चाने दाखवले. तो उपदेश दोन्ही पक्षांना लागू होता. परंतु त्यातील पहिले पाऊल ज्याच्याकडे देणे आहे, त्याने टाकायचे असते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम लेखक-कलावंताला, त्याने हक्क विकल्यानंतरही, कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार देते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा असा बांधून टाकला की, चित्रपटाच्या निर्मात्याला तो करारात लिहून घेता येत नाही. कायदा एवढे करू शकतो. पण जेथे करारच नसतो आणि सारा कारभार ‘आपलीच माणसे’ म्हणून चालतो, तेथे कायदा पोहोचत नाही. चांगली कार्ये बहुधा तेथेच चालतात.

सुज्ञ वाचकांनी आपापल्या परिसरातील अशी कार्ये डोळ्यांपुढे आणावीत. सणाच्या आधी महिनाभर रात्री जागून गायकवृंद बसवणारा ऑर्गनवादक, लॅटिन किंवा इंग्रजी गीत मराठीत आणणारा, स्मरणिकेची मुद्रिते तपासणारा निवृत्त शिक्षक, संस्थेच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणारी तरुणी, मंडपाची वीजजोडणी करणारा. यांपैकी कोणी स्वखुशीने सेवा देत असेल, तर तिचे मोल कोणी पैशांत करू नये. त्याने तो अपमानित होईल. पण स्वखुशी आहे की संकोच, हे विचारले कोणी? ‘देवाचे काम आहे, त्याचे काय पैसे घ्यायचे?’ हे वाक्य काम करणाऱ्याच्या तोंडी आले, तर ते भक्तीचे आहे. तेच काम करवून घेणाऱ्याच्या तोंडी आले, तर ते ‘कुर्बान’च्या चालीचे आहे. शब्द तेच, बोलणारा तेवढा बदलला.

आणि पैशाइतकेच, कधीकधी त्याहून अधिक, देणे नावाचे असते. सॉकिन्स यांच्या दाव्याचा हा भाग सहसा दुर्लक्षिला जातो. पुस्तिकेत त्यांचे आभार होतेच की! पण आभार मानणे वेगळे आणि काम कोणाचे, हे सांगणे वेगळे. आभारात देणाऱ्याचा मोठेपणा असतो. निर्देशात घेणाऱ्याचा हक्क असतो. अहवालात ‘अनेकांचे हातभार लागले’ असे लिहून मोकळे होणाऱ्या आपण सर्वांनी या भेदाचा विचार करावा.

२०२३ च्या मार्चमध्ये हायपेरियन कंपनी युनिव्हर्सल या बलाढ्य संगीतसमूहाने विकत घेतली. जिच्याशी स्पर्धा नको म्हणून पेरी यांनी आडवाट धरली, त्या बड्यांच्या दुनियेतच अखेर त्यांची कंपनी सामावली गेली. तिने उजेडात आणलेले संगीत मात्र टिकून आहे. हिल्डेगार्डची स्तोत्रे आज जगभर गाइली जातात, आणि त्याचे बरेचसे श्रेय भाड्याची मोटार चालवणाऱ्या एका माणसाच्या जिद्दीला आहे. ते श्रेय कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने उणे होत नाही. माणसाचे सत्कार्य आणि त्याचे राहिलेले देणे ही दोन्ही खरी असतात. एकाने दुसरे फिटत नाही आणि एकाने दुसरे खोटेही ठरत नाही. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत लिहावी लागतात.

एखादा सण, जयंती किंवा बांधकाम पार पडले की समिती हिशेबाला बसते. जमा-खर्च जुळला की वही मिटते. त्या वहीत जी नावे कधी येतच नाहीत, त्यांच्यासाठी एक कोरे पान आधीच राखून ठेवावे. ज्यांच्या श्रमावर कार्य उभे राहिले, त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे, ‘तुमचे काही येणे आहे काय?’ बहुतेक जण हसून नाही म्हणतील. ते नाही म्हणणे त्यांचे दान होय. पण ते दान पदरात पडण्यासाठी आधी प्रश्न विचारलेला असावा लागतो.